कार्तिकस्नानाचा ठराव

आमच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षा स्वतःच्या घरातसुद्धा ठरावाशिवाय हलत नसत. पोह्यांत मीठ कमी पडलंय हे त्या सरळ सांगायच्या नाहीत. "पोह्यांत मीठ कमी आहे, असं मी मांडते," म्हणायच्या आणि झोपाळ्यावर बसलेल्या अण्णांकडे, म्हणजे आपल्या यजमानांकडे, बघत राहायच्या. अण्णा बिचारे वर्तमानपत्राआडून एक हात वर करायचे. "अनुमोदन मिळालं," असं त्याच जाहीर करायच्या, आणि मग मीठ यायचं. अण्णांनी उभ्या आयुष्यात विरोधात मत दिल्याचं कुणाला आठवत नाही.

सगळं गाव त्यांना काकू म्हणे. ठेंगण्या, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नेसण कायम हिरव्या लुगड्याचं, काखेत बाराही महिने अण्णांची काळी छत्री आणि पिशवीत शाळेने टाकून दिलेली पितळी घंटा. घंटेचा दांडा मोडका होता, त्याला काकूंनी काथ्या गुंडाळला होता. सभेत दोघी एकदम बोलायला लागल्या की घंटा व्हायची. आमच्या सभेत दोघी एकदम बोलत नाहीत असा क्षण विरळा, त्यामुळे घंटेला उसंत नव्हती.

मी कृष्णाकाठची. माझे यजमान इथल्या शाळेत मास्तर. खाडीच्या तोंडावरच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा संस्थान विलीन होऊन दोन-चार वर्षं झाली होती. आल्याआल्याच काकूंचा निरोप आला, "उद्या सुकतीला सभेला ये." सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला सासूबाईंनी सांगितलं. पण ती किती वाजता असते हे विचारण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी आपली माहेरच्या पद्धतीने चार वाजता, नवं लुगडं नेसून, वेणीत अबोली माळून काकूंच्या अंगणात हजर. अंगणात एक मांजर आणि झोपाळ्यावर अण्णा. अण्णा म्हणाले, "बसा. पाणी अजून चढतंय."

सभा भरली ती दिवेलागणीला. उशीर का, असं मी विचारलं तर काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"अगो, भरतीला होड्या लागतात. तेव्हा कोळणी बंदरावर असायच्या की तुझ्या सभेत? आणि त्यांना सोडून सभा घ्यायची तर ते आमचं वाडीतलं हळदीकुंकू झालं, मंडळ कसलं?"

मला तेव्हा ते बोलणं चांगलंच झोंबलं. पण बाई वेगळी आहे, हे कळलं.

त्या कोळणींची पुढारी पारूबाय. सुकट विकायची, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर देवळात ऐकू यावी. काकूंचं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. ठराव मांडला की पारूबाय मान डोलवून म्हणायची, "व्हय." काकू म्हणायच्या, "व्हय नाही, अनुमोदन म्हणायचं." पारूबाय म्हणायची, "त्येच की. व्हय." काकू घंटा वाजवायच्या. पारूबाय पानाचा विडा लावायला घ्यायची. मंडळ होतं तोवर हे चाललं आणि दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नाही.

नव्या सभासदाने आपल्याला काय येतं ते सांगायचं, असा मंडळाचा नियम होता. माझ्या आधीच्या मुलीने भरतकाम सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मला भरतकाम येत नव्हतं, पेटी येत नव्हती, रांगोळी तर अशी यायची की कासव काढलं तर लोक भाकरी समजत. घाबरून मी म्हणून गेले, "मला पोहता येतं."

काकूंनी हातातला कप खाली ठेवला.

"कुठे शिकलीस?"

"नदीत. डोहात."

"म्हणजे पाय टेकत नाहीत तिथे?"

"हो."

"इथे कुणाकुणाला येतं पोहायला?" काकूंनी सभेला विचारलं. एक हात वर झाला नाही. जन्मापासून समुद्राच्या गाजेत झोपलेल्या बायका, आणि घोट्याच्या वर पाणी कुणी अंगाला लावून घेतलेलं नाही! मी पारूबायकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बगतेस?" ती म्हणाली. "आमी म्हावरा इकतो. आमी सोता म्हावरा न्हाय."

सगळ्या खो-खो हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या खाडीकडे बघत होत्या.

त्याचं कारण मला पुढे धक्क्यावर कळलं. काकू रोज सकाळी छत्री घेऊन धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहत. मला वाटे, बाई सूर्याला अर्घ्य देते. एकदा मी सोबत गेले तेव्हा त्यांनी छत्रीच्या टोकाने पलीकडचा काठ दाखवला. "तो लाल ठिपका दिसतो?" खडकावर खरंच काहीतरी लाल दिसत होतं. "आईचं लुगडं. आंघोळ झाली की ती ते त्याच खडकावर वाळत घालते, उघडून, लांबच्या लांब. ते दिसलं की समजायचं, म्हातारी उठली, हिंडतेफिरते."

काकूंचं माहेर म्हणजे तेवढंच, समोरचा काठ. मचव्याने पानसुपारी खाऊन होईतो पोचावं इतकं जवळ. पण लग्नानंतर काकू तिथे गेल्याच नव्हत्या. नवरी होऊन या काठाला येताना वाऱ्याने मचवा कलला, आत पाणी आलं, माणसं वाचली, पण नवरीची पेटी खाडीत गेली. चौदा वर्षांची ती पोर किनाऱ्याला लागली ती, पुन्हा पाण्यावर पाय ठेवणार नाही, असं ठरवूनच. जमिनीवरून वळसा घालून जावं तर डोंगरातून बैलगाडीचे मुक्काम, आणि त्या वाटेवरही एक खाडी होडीने ओलांडावी लागेच. आईचे गुडघे गेलेले, तिला मचव्यात चढता येत नव्हतं. भाऊ येऊन जाऊन असे, खुशाली सांगे. मायलेकी मात्र एका लुगड्यावर भेटत होत्या.

"एकदा गेलं पाहिजे गो," काकू म्हणाल्या. "ती आहे तोवर." आणि लगेच छत्री काखेत मारून म्हणाल्या, "चल, नारळ उतरवायला गडी यायचाय."

पुढच्या सभेत ठराव आला. मंडळाच्या सर्व सभासदांनी पोहणे शिकावे. शिकवणार कोण, तर मी. कुठे, तर काकूंच्या वाडीतल्या पायऱ्यांच्या बावीत. सुपारीची आणि केळीची गर्दी भोवती, बाहेरून काही दिसायचं नाही. बायकांची तोंडं पांढरी पडली. पाण्याला भिऊन नव्हे, घरी काय सांगायचं म्हणून. नवऱ्याला सांगणार काय, मी विहिरीत उडी मारायला चालले?

इथे काकूंचं डोकं कसं चाले ते बघा. त्या म्हणाल्या, "कोजागरी झाली की कार्तिकस्नान सुरू. महिनाभर पहाटे स्नान. शास्त्रात काय तांब्याने करा असं लिहिलंय?"

झालं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी, मंडळाच्या बायका सामुदायिक कार्तिकस्नान करणार. माझ्या सासूबाई, ज्यांनी मला खिडकीत उभं राहिल्याबद्दल बोल लावले होते, त्यांनी माझ्या हातात उटण्याची वाटी दिली आणि म्हणाल्या, "माझ्या नावाची पण एक बुडी मार हो." पुण्याला आडवं कोण येणार? एका म्हाताऱ्या आजीबाईंनी मात्र कोळणी त्याच पाण्यात उतरणार का म्हणून नाक मुरडलं. काकूंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "बाव शिंपण्याची आहे. सुपारीला शिवाशिव नसते."

आता नऊवारी लुगड्यात पोहणं म्हणजे काय, ते पोहल्याशिवाय कळायचं नाही. घट्ट काष्टा मारला तर उत्तम, पण एकदा का सुटलं की विहीर भरून लुगडंच लुगडं, आणि बाई कुठे आहे ते शोधावं लागतं. पाठीला सुक्या नारळांची जोडी काथ्याने बांधायची, म्हणजे माणूस तरंगतं. या किनाऱ्यावर मुलगे असेच शिकतात. पुढे त्या संक्रांतीला लोक आरसे लुटत होते, कंगवे लुटत होते, आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात काकूंनी प्रत्येकीला सुक्या नारळांची एकेक जोडी लुटली. बाहेरगावची एक पाहुणी आली होती. तिने ती जोडी हातात धरून बराच वेळ विचार केला आणि शेवटी विचारलं, "ह्याचं करायचं काय?" पारूबाय म्हणाली, "पाठीला बांदून हिरीत उडी मारायची." पाहुणी तीळगूळ न घेताच उठली.

काकू कठड्यावर बसायच्या, छत्री उघडून, हातात घंटा. पाण्यात कधी उतरल्या नाहीत. "अध्यक्षांनी अध्यक्षस्थानी असावं," म्हणायच्या. पण नियम त्यांचा. घंटा सलग वाजली म्हणजे कुणीतरी बुडतंय. जिथे असाल तिथून, असाल तशा, सगळ्यांनी पाण्यात उडी टाकायची. "आधी उडी, मग चौकशी." आणि हा नियम अंगात मुरावा म्हणून त्या उगाचच घंटा वाजवायच्या. कुणी केस पुसतंय, कुणी पायरीवर बसून सुनेच्या चहाड्या सांगतंय, की घण्‌घण्‌घण्‌! धपाधप उड्या! सुरुवातीला मला फार राग यायचा. एकदा तर माझ्या तोंडात पोहे होते.

कार्तिक संपला तोवर निम्म्या जणी नारळाशिवाय तरंगायला लागल्या होत्या. आता काय? काकूंनी भटजींना बोलावून विचारलं. भटजी म्हणाले, माघस्नानाचं पुण्यही मोठं आहे, आणि वैशाखस्नानाचं तर काही विचारू नका. काकूंनी त्यांना भरपूर दक्षिणा आणि केळीचा घड दिला. गावात आमच्या मंडळाची कीर्ती झाली की अशा धार्मिक बायका पंचक्रोशीत नाहीत.

वैशाखात एका सकाळी काकू बावीवर आल्या त्या घंटा न वाजवताच बसल्या. मला म्हणाल्या, "ठिपका नाही." दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी पलीकडून आलेल्या मचव्यावर भावाचा निरोप आला. आई ओसरीवर पडली, खुब्याचं हाड गेलं, अंथरुणात आहे. तुझं नाव घेते.

त्या दिवशी सभेपुढे पापडांचा विषय होता. काकूंनी सभा सुरू केली, पापडखाराचं काहीतरी बोलल्या आणि मध्येच थांबल्या. सगळ्यांना निरोप कळलेला होता. पाऊस तोंडावर आला होता. पाऊस लागला की मचव्यांची ये-जा बंद, ती नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर म्हातारी राहील की नाही, हेच सगळ्यांच्या मनात होतं. मी उठून उभी राहिले.

"अध्यक्षांनी आईला भेटायला पलीकडे जावं, असा मी ठराव मांडते. मंडळ सोबत येईल."

"हा विषय पत्रिकेवर नाही," काकू म्हणाल्या.

"व्हय," पारूबाय म्हणाली.

"व्हय काय?"

"व्हय म्हंजी जायाचं. आमी हाव ना! इतक्या जनी पवतोय, तुला बुडू दिऊ का?"

काकूंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. त्यांनी ही सगळी खटपट कशासाठी केली होती ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. स्वतःला पाण्यात उतरवणं जमेना, म्हणून बाईने आख्खं मंडळ उतरवलं होतं. कधीतरी मचव्यात बसायची वेळ आली, तर भोवती पोहणाऱ्या बायका असाव्यात म्हणून. हे त्यांनी स्वतःशी तरी कबूल केलं होतं की नाही, देव जाणे.

"माझं मत विरोधात," त्या पुटपुटल्या.

"मतं समसमान झाली तरच अध्यक्षांचं मत धरतात," मी म्हणाले. हा नियम त्यांनीच मला शिकवला होता.

निघालो दुसऱ्याच सकाळी, भरती टेकली की लगेच, म्हणजे पाणी ओढत नाही. आम्ही सगळ्या काष्टे मारून. काकू मध्ये, पाठीला दोन आणि पोटाला दोन सुके नारळ, वर शाल, मांडीवर घंटा. घंटा घरी ठेवा म्हटलं तर ऐकेनात. तांडेल, म्हणजे मचव्याचा मालक, हे बघून कानकोंडा झाला. "काकू, माझा मचवा बुडनारच हाय असं धरूनच तुमी निगाल्यात. गिऱ्हाइकं काय म्हनतील?" अण्णा धक्क्यावर उभे होते. त्यांनी नेहमीसारखा एक हात वर केला, आणि आम्ही दिसेनाशा होईतो तो खाली घेतला नाही.

काकूंनी डोळे गच्च मिटले होते. पलीकडचा काठ जवळ आला, माडांखालची घरं दिसायला लागली, आणि शीड फिरवताना वारा भरला. मचवा कलला. फार नाही, रोज कलतो तितकाच. पण काकूंचा हात घंटेवर घट्ट होता आणि तो हात लागला थरथरायला. घण्‌घण्‌घण्‌घण्‌!

आधी उडी, मग चौकशी. पहिली पारूबाय गेली. तिच्यामागे धपाधप सगळ्या. मीही. पाण्यात पडल्यावर मला आठवलं की बुडत तर कुणीच नाहीये!

वर मचव्यात राहिला एकटा तांडेल, डोक्याला हात लावून, आणि काकू. त्यांनी डोळे उघडले तर मचवा रिकामा. उभ्या राहिल्या. त्या मचव्यात! ताठ! आणि एकेकीला नावाने हाक मारायला लागल्या. आम्ही पाण्यातून ओ देत होतो. एकीचं लुगडं सुटून पसरलं होतं, त्यात दुसरीचे पाय अडकले होते आणि दोघी हसून हसून पाणी पीत होत्या. पारूबाय पालथी-उताणी होत ओरडली, "काकू, कोन बुडालं ता तरी सांग, काडतो त्याला!"

काकू आमच्याकडे बघत राहिल्या. मग एखादी बातमी कळावी तशा म्हणाल्या, "अगो, कुणीच बुडत नाही!"

आणि त्या हसायला लागल्या. नारळांसकट सगळं अंग हलत होतं. तांडेलालाही हसू आवरेना. आम्ही मचव्याची कड धरून, पाय मारत, काठाला लागलो. तिथे मचवा उथळ पाण्यात थांबतो, पुढे तांडेल बायकांना पाठीवर घेऊन नेतो. त्याने काकूंपुढे पाठ वाकवली. काकू म्हणाल्या, "सरक बाजूला," आणि पाण्यात पाय ठेवला. पाणी पोटरीएवढंच होतं, पण मला तेव्हा त्यांचा जो अभिमान वाटला तो पुढे कुणाचा क्वचितच वाटला.

आई ओसरीवर खाटेवर पडून खाडीकडेच बघत होती. निथळत्या बायकांची रांग अंगणात आली, पुढे काकू. म्हातारीने तोंड उघडलं ते असं.

"आलीस गो? आणि हे नारळ कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत?"

काकूंनी तिच्या छातीवर डोकं ठेवलं. नारळ मध्ये येत होते, ते मी मागून सोडले. मग दोघी रडल्या, आणि आम्हीही रडलो. काकूंची वहिनी धावपळ करून आमच्यासाठी कोरडी लुगडी काढत होती. लुगड्याचं कोडं तिच्याकडूनच सुटलं. सासूबाई पडल्यापासून ती त्यांचं लुगडं परसदारी वाळत घालत होती, तिथे ऊन चांगलं लागतं म्हणून. खडक कशासाठी, हे मायलेकींनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

काकू पुढे पोहायला शिकल्या का, असं मला लोक विचारतात. नाही शिकल्या. पण दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की नारळ बांधून मचव्यात बसायच्या. घंटा मात्र पारूबायने काढून घेतली होती. त्या दुखण्यातून आई उठली, काठी धरून अंगणात यायला लागली आणि नंतर कितीतरी पावसाळे लेकीला रागावत राहिली. मंडळाचं वैशाखस्नान माझ्या सुनेपर्यंत चाललं.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही आदल्या संध्याकाळीच परतलो होतो, काकू पावसाळाभर तिकडेच राहणार होत्या. सकाळी उठून माझे पाय आपसूक धक्क्याकडे वळले. तिथे पारूबाय आधीच पाटी खाली ठेवून उभी होती. ऊन वर आलं तसा पलीकडचा काठ उजळला. खडकावर लाल लुगडं होतं, लांबच्या लांब पसरलेलं. आणि त्याच्या शेजारी, तितकंच लांब, हिरवं.

पारूबायने पाटी उचलून डोक्यावर घेतली. बाजाराची वेळ झाली होती. दोन पावलं गेली, वळली, पुन्हा एकदा पलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली,

"अनुमोदन."